समासातली पेन्सिल

चित्राआधी चित्राचा समास पाहणारी माणसं असतात. ढगांतून सूर मारत खाली येणारं स्पिटफायर, त्याच्या पंखावर तिरपं पडलेलं ऊन, खाली दूरवर इंग्लंडच्या किनाऱ्याचे पांढरे कडे, हे सगळं ते नंतर बघतात. आधी नजर जाते ती खालच्या कोऱ्या पट्टीकडे. तिथे पेन्सिलीने, समजा, २३७/८५० असा अपूर्णांक लिहिलेला असतो. जवळच चित्रकाराची सही असते आणि तिच्या शेजारी म्हाताऱ्या हातांनी केलेल्या आणखी दोन-तीन सह्या. त्या असतात १९४० साली असं विमान खरोखर उडवलेल्या माणसांच्या.

कागद मात्र ऑफसेटवर छापलेला असतो. ज्या जातीच्या यंत्रावर दिनदर्शिका आणि लग्नपत्रिका निघतात, त्याच जातीच्या. निळी, किरमिजी, पिवळी, काळी अशा चार शाया आणि भिंगाखाली दिसणारे त्यांचे ठिपके. मूळ तैलचित्र दुसऱ्याच कुणाच्या भिंतीवर असतं. तरीही या कागदासाठी माणसं महिन्याचा पगार मोजतात, लिलावांच्या याद्या चाळत रात्री घालवतात, आणि ‘प्रकाशकाची प्रत’ किंवा ‘चित्रकाराची प्रत’ अशा शब्दांवर तावातावाने वाद घालतात. युद्धातल्या विमानांच्या चित्रांच्या सहीवाल्या, मर्यादित प्रती गोळा करण्याचा हा छंद मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतला. पण त्याचा एक धागा सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीच्या शेतांना जवळजवळ शिवून जातो, आणि मला खरं आश्चर्य त्या धाग्याचं वाटतं. तिकडे जाण्याआधी ही समासाची भानगड समजून घेऊ.

छापील चित्रावर पेन्सिलीने सही करण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. जेम्स व्हिसलर या चित्रकाराने सही केलेल्या प्रतीला बिनसहीच्या प्रतीच्या दुप्पट दाम लावला, ही गोष्ट त्या धंद्यात अजून चवीने सांगतात. तेव्हा चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं जाई. पत्रा दाबाखाली झिजतो. पहिल्या प्रती कुरकुरीत येतात, पुढच्या हळूहळू पुसट होतात. म्हणून प्रती मोजक्या काढायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि शेवटी पत्र्यावर आडव्या रेघा मारून तो बाद करायचा. मर्यादा धातूनेच घातलेली होती.

ऑफसेटला असली मर्यादा नाही. आठशे पन्नास प्रती जितक्या सहज निघतात तितक्याच सहज पन्नास हजार निघतील, आणि पहिली व शेवटची यांत डोळ्याला फरक दिसणार नाही. म्हणजे इथली मर्यादा हा निव्वळ शब्द आहे. प्रकाशकाने दिलेला शब्द, की इतक्याच छापू आणि मग प्लेट नष्ट करू. १/८५० ही प्रत ८५०/८५० पेक्षा सरस नसते. सहीला बसलेल्या माणसासमोर गठ्ठा कसा ठेवला होता, एवढंच त्यावरून कळतं. तरी लोक लहान आकड्याला जास्त पैसे देतात. सवय तांब्याच्या पत्र्याच्या काळातली आहे, तिचं कारण कधीच संपलं.

आणि शब्द म्हटला की पळवाटा आल्याच. आठशे पन्नासाच्या बाहेर ‘चित्रकाराच्या प्रती’ वेगळ्या, ‘प्रकाशकाच्या प्रती’ वेगळ्या. काही प्रतींच्या समासात चित्रकार स्वतः पेन्सिलीने एखादं चिमुकलं विमान काढून देतो, त्यांची किंमत आणखी वर. पुढे वर्धापनदिनाची खास आवृत्ती येते, आकार बदलून कॅनव्हासवर तेच चित्र येतं. मला हे सारं जरा लबाडीचं वाटतं. मर्यादित या शब्दाला इतकी दारं ठेवायची तर भिंत कशाला बांधली?

मग किंमत टिकते कशावर? शेजारच्या सह्यांवर. १९७० च्या दशकाच्या अखेरीला इंग्लंडमध्ये रॉबर्ट टेलर या चित्रकाराच्या स्पिटफायरच्या छापील चित्रावर डग्लस बेडर आणि जॉनी जॉन्सन या दोन नामांकित लढाऊ वैमानिकांच्या सह्या आल्या, आणि धंद्याला त्याचं सूत्र सापडलं. १९३१ च्या अपघातात बेडरचे दोन्ही पाय गेले होते. तरी महायुद्धात तो कृत्रिम पाय लावून लढला. त्याने हाताने लिहिलेलं नाव आपल्या भिंतीवर असू शकतं, आणि तेही मूळ चित्राच्या किमतीच्या एका अंशात, ही कल्पनाच लोकांना खेचून घेणारी होती. पुढची तीस-चाळीस वर्षं निवृत्त वैमानिक टेबलाशी बसून गठ्ठेच्या गठ्ठे सही करत राहिले.

यात शत्रूही आले. जर्मनीचा अडॉल्फ गॅलँड आणि इंग्लंडचा रॉबर्ट स्टॅनफर्ड टक हे एकमेकांविरुद्ध उडत होते. जानेवारी १९४२ मध्ये टकचं विमान फ्रान्समध्ये पडलं, तो पकडला गेला, तेव्हा गॅलँडने त्याला आपल्या भोजनगृहात जेवायला बोलावलं. युद्धानंतर दोघांची मैत्री इतकी वाढली की टक गॅलँडच्या मुलाचा धर्मपिता झाला. पुढे एकाच चित्राखाली दोन्ही बाजूंच्या वैमानिकांच्या सह्या घेणं ही पद्धतच पडली, आणि संग्राहकांना तशा प्रती विशेष प्रिय असतात. मला त्या पाहताना थोडं अवघडायला होतं. हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाचा चालक पॉल टिबेट्स यानेही चित्रांवर पुष्कळ सह्या केल्या. त्या विकत घेऊन दिवाणखान्यात लावणाऱ्याने पाहुण्याला काय सांगायचं, हे मला सुचत नाही.

सहीसाठी पेन्सिलच का? पेनाच्या बहुतेक शायांत सेंद्रिय रंग असतात. उजेडातली अतिनील किरणं त्यांचे रेणू तोडतात आणि सही फिकट होत जाते. पेन्सिलीच्या शिशात रंग देतं ते ग्रॅफाइट, निखळ कार्बन. उजेड त्याचं काहीही वाकडं करू शकत नाही. गंमत अशी, की उन्हात टांगलेल्या चित्रातली किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, आकाश-समुद्र-विमान सगळं निळसर पडतं, पण खालची सही होती तशीच राहते. शिवाय पेन्सिलीची रेघ कागदात किंचित दबलेली असते आणि तिरप्या उजेडात चकाकते. छापलेली सही चकाकत नाही. खरीखोटी ओळखायला एक बॅटरी पुरते.

आता आपल्याकडे. छापील चित्राचं आपलं स्वप्न याच्या अगदी उलट होतं. १८८४ मध्ये तंजावरच्या मराठी घराण्यातले राजा सर टी. माधवराव, जे त्याआधी बडोद्याचे दिवाण होते, त्यांनी राजा रविवर्म्याला पत्र लिहून सुचवलं की तुझ्या काही चित्रांच्या रंगीत प्रती युरोपात छापून घे. मागणी इतकी आहे की हाताने पुरी होणार नाही. दहा वर्षांनी रविवर्म्याने मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती किती घरांत पोचल्या याची मोजदाद कुणी ठेवली नाही, ठेवायची नव्हतीच. प्रत जितकी जास्त तितकं चित्र यशस्वी.

आणि बारडोली. गावापासून ईशान्येला, कडोदजवळ, तापीच्या काठी हरिपुरा आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे काँग्रेसचं एक्कावन्नावं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं होतं, जसं सव्वा वर्षापूर्वी आपल्या खानदेशात फैजपूरच्या अधिवेशनाला बोलावलं होतं. नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी शांतिनिकेतनात सुमारे चारशे भित्तिपत्रकं तयार केली: ढोल वाजवणारा, नांगर धरलेला, सुतार, पिंजारी, बैल आवरणारा. हातकागदावर मातीचे रंग, मागे पुठ्ठा. ऐंशीच्या आसपास चित्रं नंदलालांच्या हातची, बाकीची त्यांवरून शिष्यांनी हातांनीच उतरवलेली. म्हणजे ही आवृत्तीच होती, पण यंत्राशिवायची. समासात अपूर्णांक नाही, प्रमाणपत्र नाही. मंडपांच्या दारांवर, उघड्या हवेत ती टांगली, म्हणजे सभेला येणाऱ्या शेतकऱ्याला येता-जाता दिसावीत. आज त्यांतली बरीच दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०१९ मध्ये ती व्हेनिसच्या कला-द्वैवार्षिकात भारताच्या दालनात लागली. नंदलालांचं काम आता कायद्याने राष्ट्रीय कलाठेवा आहे, ते विकायला देशाबाहेर नेता येत नाही. मर्यादा घातली ती काळाने आणि सरकारने, करणाऱ्याने नव्हे.

याच बारडोलीच्या शिवारापलीकडे तेव्हा दुसरं राज्य लागे. बारडोली ब्रिटिशांची, पण पूर्वेला व्यारा, सोनगड हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा. सोनगडचा किल्ला तर गायकवाडांचं पहिलं ठाणं, पिलाजीरावांनी १७१९ मध्ये घेतलेलं. १९३० च्या कायदेभंगात सारा न भरणारे बारडोलीचे शेतकरी घरदार सोडून याच हद्दीपलीकडे हिजरत करून गेले, कारण तिथे इंग्रजांचा जप्तीदार येऊ शकत नव्हता. १९३९ मध्ये सयाजीराव गेले, नातू प्रतापसिंहराव गादीवर आले, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. इंग्लंडमध्ये विमानांसाठी वर्गणीची लाट उसळली. एका स्पिटफायरची नाममात्र किंमत पाच हजार पौंड ठरवली होती. त्या वेळच्या विनिमयदराने सहासष्ट हजार रुपयांच्या वर. खरा खर्च त्याहून बराच जास्त होता, पण पाच हजार हा आकडा वर्गणी मागायला सुटसुटीत होता. गावं, कारखाने, वसाहती आणि आपली संस्थानं पुढे आली. बडोद्याच्या देणगीतून मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउन इथे उभी राहिली ती १२४ वी ‘बडोदा’ स्क्वॉड्रन.

इंग्रजी हवाई दलात प्रत्येक स्क्वॉड्रनला राजाच्या मंजुरीचं बोधचिन्ह असतं. कुणाचा गरुड, कुणाचा सिंह. बडोदा स्क्वॉड्रनचं चिन्ह होतं मुंगूस! चालतं मुंगूस, आणि खाली वाक्य: धोका हीच आमची संधी. सापाच्या अंगावर जाणारा तो आपला ओळखीचा प्राणी, शेताच्या बांधावर दिसला तर शकुन मानावा असा, स्कॉटलंडच्या धुक्यात लढाऊ विमानांचं दैवत होऊन बसला.

बडोदा एकटं नव्हतं. निजामाच्या पैशातून हैदराबादच्या नावाच्या स्क्वॉड्रन उभ्या राहिल्या, आणि औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा निजामाचे. मराठवाड्यातल्या शेतसाऱ्याचा काही अंश त्या ॲल्युमिनियममध्ये गेला असणार. १५२ व्या ‘हैदराबाद’ स्क्वॉड्रनच्या बोधचिन्हात निजामाचं शिरोभूषण होतं. १९४० च्या उन्हाळ्यात ती वॉर्मवेलहून ब्रिटनच्या आकाशात लढली, आणि पुढे ब्रह्मदेशात आली तेव्हा तिच्या स्पिटफायरवर झेप घेणारा काळा बिबळ्या रंगवलेला होता. विमानचित्रकारांना ती विमानं का आवडतात हे वेगळं सांगायला नको. खाली हिरवं रान, वर पावसाळी ढग, आणि विमानाच्या कुशीवर बिबळ्या. फ्रँक वूटन हा या कलेतला मोठा माणूस, तो १९४५ च्या सुमारास हवाई दलाचा अधिकृत चित्रकार म्हणून भारत-ब्रह्मदेशात हिंडून गेला होता.

पण बडोद्याच्या विमानांत एक गोष्ट अशी होती जी चित्रात पटकन कळत नाही. १९४२ मध्ये जर्मनीची युंकर्स ८६ ही विमानं बारा हजार मीटरच्या वरून इंग्लंडची टेहळणी करू लागली. तिथवर साध्या स्पिटफायरची दमछाक व्हायची. हवा इतकी विरळ, की वैमानिकाच्या शरीराला आणि इंजिनाला दोघांनाही ती पुरेना. म्हणून स्पिटफायरचा सहावा प्रकार निघाला: पंखांची टोकं लांब आणि निमुळती, आणि वैमानिकाची खोली हवाबंद, दाबाची. १२४ व्या स्क्वॉड्रनला त्या उन्हाळ्यात ही विमानं मिळाली. असली विमानं शंभराच्या आसपासच बनली. त्यांचं काचेचं झाकण उडताना सरकत नसे. वैमानिक आत बसला की जमिनीवरचे लोक ते वरून आवळून टाकत. बाहेर पडायचं तर संकटात झाकण उडवून देणं एवढाच उपाय. सदैव उघडझाप करता येणाऱ्या काचेची सवय असलेल्या पोरांना आत काय वाटत असेल! पुढच्या वर्षी सातवा प्रकार आला, तोही टोकदार पंखांचा, पण त्यात सरकतं झाकण परत आलं. अतिउंचावरच्या या विमानांचा रंगही वेगळा: नेहमीचे हिरवे-करडे पट्टे नाहीत, वरून सपाट करडा आणि खालून गडद निळा. १९४५ मध्ये याच स्क्वॉड्रनने, नवव्या प्रकारची विमानं घेऊन, हॉलंडमधल्या व्ही-२ अग्निबाणांच्या तळांवर बाँब टाकले.

चांगल्या विमानचित्रकाराची परीक्षा इथे होते. त्याला त्या दिवसाची स्क्वॉड्रनची नोंदवही शोधावी लागते. कोण उडालं, किती वाजता, कुठल्या अक्षराचं विमान, ढग किती उंचीवर. वेळ आणि दिशा कळली की सूर्य कुठे होता ते काढता येतं, म्हणजे सावली कुठे पडेल ते. फिरता पंखा धूसर दाखवायचा, पण चकतीसारखा नाही. आणि एवढं करूनही सहीला आलेला एखादा म्हातारा चित्राकडे बघून म्हणणार, माझ्या विमानाचा रेडिओचा खांब वाकलेला होता. ही दुरुस्ती करणारा माणूस समोर असणं हेच या कलेचं वेगळेपण. पानिपत रंगवणाऱ्याला सदाशिवरावभाऊ येऊन चूक दाखवत नाहीत.

आता सहीला येणारे ते म्हातारेही येणार नाहीत. १९४० मधल्या ब्रिटनच्या लढाईत दोस्तांच्या बाजूने उडालेले जवळपास तीन हजार. त्यांतला शेवटचा, जॉन हेमिंग्वे, १७ मार्च २०२५ रोजी डब्लिनमध्ये १०५ व्या वर्षी गेला. जर्मनीची धरणं फोडायला गेलेल्या १३३ जणांपैकी शेवटचा, जॉर्ज जॉन्सन, डिसेंबर २०२२ मध्ये गेला. आपल्याकडे इंफाळच्या लढाईत हरिकेन उडवलेले अर्जन सिंग २०१७ मध्ये गेले, दलिपसिंग मजिठिया २०२४ मध्ये १०३ व्या वर्षी. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर १९४० मध्ये हवाई दलात शिरले, काश्मीरच्या लढाईत महावीरचक्राचे मानकरी झाले, १९७६ ते ७८ हवाई दलप्रमुख राहिले आणि २०१५ मध्ये गेले. या माणसांपुढे पेन्सिल घेऊन गठ्ठे ठेवणारा धंदा आपल्याकडे इंग्लंडसारखा कधी फोफावला नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, थोडं बरंही वाटतं.

धंद्याने मात्र यावर वाट काढलीच. पूर्वी वेगळ्या कागदावर घेतलेल्या सह्या आता नव्या चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यात खिडक्या कापून बसवतात. म्हणजे सही खरी, चित्रही खरं, पण सही करणाऱ्याने ते चित्र पाहिलेलंच नसतं. काही संग्राहकांना हे चालतं. माझ्या मते ही वेगळीच वस्तू आहे, आणि तिची किंमतही वेगळी असायला हवी.

कुणाला हा नाद लागलाच तर सुरतेकडची किंवा कोकणातली हवा लक्षात ठेवावी. कागदाचा शत्रू उजेड, पण आपल्याकडे त्याहून मोठा शत्रू ओल. फ्रेमवाला मागे सवयीने प्लायवूड लावतो, त्यातलं आम्ल वर्ष-दोन वर्षांत कागद पिवळा करतं. आम्लविरहित पुठ्ठा सांगून लावून घ्यावा. काच कागदाला चिकटू देऊ नये, मधे माउंटची फट हवी. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. आणि समास कधीही कापू देऊ नये. फ्रेम बसत नाही म्हणून खालची दोन बोटं कागद उडवणारे कारागीर आहेत, आणि ती दोन बोटंच तर विकत घेतलेली असतात.

१ एप्रिल १९४६ रोजी १२४ वी स्क्वॉड्रन कागदोपत्री ५६ वी झाली आणि मुंगूस निवृत्त झालं. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. देणारा आणि घेणारा दोघेही तीन वर्षांच्या अंतराने नकाशातून गेले. पण लिलावाच्या याद्यांत अजून स्पिटफायरची चित्रं येत असतात. त्यांत एखाद्या विमानाच्या कुशीवर इंग्रजी ‘ओ’ आणि ‘एन’ ही अक्षरं दिसली तर थांबा. ती बडोदा स्क्वॉड्रनची खूण. मग पंखांची टोकं बघा. ती निमुळती असतील, विमानाचा रंग वरून करडा आणि खालून निळा असेल, तर चित्रकाराने नोंदवह्या वाचल्या आहेत. अतिउंचावरचं विमान म्हणून विकलं जातंय आणि टोकं गोल आहेत, तर खाली कितीही सह्या असोत, दुकानदाराशी भाव करायला हरकत नाही.